संतांची कोरीव छापचित्रं कशी वाचावीत: सिंह, कवटी आणि छताला टांगलेला भोपळा

मूर्तीच्या पायाशी उंदीर दिसला की नाव विचारावं लागत नाही. मागे गाय, पायाशी चार कुत्री असली की दत्त. हातात वीणा आणि चिपळ्या असल्या की तुकोबा. हे वाचन आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपण काही ‘वाचतो’ आहोत हेही लक्षात येत नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या माणसाची संतांच्या चित्रांबाबत हीच गत होती. चाव्या दिसल्या की पेत्र, लोखंडी शेगडी दिसली की लॉरेन्स. आपल्याला ती बाराखडी कुणी शिकवलेली नसते, म्हणून संग्रहालयाच्या संकेतस्थळावर असं चित्र समोर आलं की आपण ‘कुणीतरी दाढीवाला बाबा’ म्हणून पुढे सरकतो.

या लेखात मी तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांबद्दलच बोलणार आहे. रंगवलेल्या चित्रात मारिया निळ्या झग्यावरून ओळखू येते, कार्डिनल तांबड्या टोपीवरून. छापचित्रात निळा नाही आणि तांबडाही नाही. जे सांगायचं ते आकार, प्रकाश आणि रेषा यांतूनच सांगावं लागतं. त्यामुळे कोरणाऱ्याने काय ठेवलं आणि काय वगळलं, याला फार महत्त्व येतं.

वाचता वाचता एक चित्र उघडून ठेवा: जर्मन चित्रकार आणि कोरक आल्ब्रेख्त ड्यूररचं ‘अभ्यासिकेतला संत जेरोम’, न्यूरेंबर्ग, १५१४. साधारण २४.७ बाय १८.८ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या वहीच्या पानाएवढं. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन किंवा ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवर ड्यूररची छापचित्रं मोठ्या आकारात फुकट पाहता येतात. मोबाइलवर नको, संगणकावर उघडा. बोटभर पडद्यावर अर्ध्या खुणा दिसतच नाहीत.

आधी नाव ठेवू नका

जुन्या वह्या-पुस्तकांच्या ढिगात मला एकदा प्रार्थनेच्या पुस्तकातून सुटलेलं एक पान मिळालं. तरुण पुरुष, एका हातात बाळ येशू, दुसऱ्या हातात लिलीचं फूल. मी लगेच खाली पेन्सिलीने ‘संत योसेफ’ लिहून मोकळा. बाळ आहे, लिली आहे, अजून काय हवं? पुढे बऱ्याच दिवसांनी तेच पान परत पाहिलं तेव्हा कमरेची दोरी दिसली. दोरीला तीन गाठी. डोक्याचा मधला भाग भादरलेला. मग तो योसेफ कसा असेल? तो पादुआचा अँथनी, म्हणजे गोव्या-वसईकडचा सांत आंतोन, हरवलेली वस्तू सापडावी म्हणून ज्याला साकडं घालतात तो. तीन गाठींची दोरी फ्रान्सिस्कन पंथाची: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं.

तेव्हापासून माझा नियम असा की एका खुणेवर नाव ठेवायचं नाही. दोन खुणा एकमेकींना दुजोरा देईपर्यंत कागदावर ‘लिली, बाळ, दोरी’ एवढंच लिहायचं. लिली योसेफकडे असते, अँथनीकडे असते, फ्रान्सिस झेवियरकडेही असते, कारण ती शुद्धतेची खूण आहे, व्यक्तीची नव्हे. कवटी जेरोमकडे, मग्दालिया मरियेकडे आणि असिसीच्या फ्रान्सिसकडेही दिसते. तलवार पौलाकडे आणि कॅथरीनकडे. म्हणजे खुणा दोन जातींच्या असतात. काही गुण सांगतात, काही माणूस सांगतात. लिली, कवटी, झावळी या पहिल्या जातीच्या. लॉरेन्सची शेगडी दुसऱ्या जातीची.

पायरी पहिली: कागद आणि छपाई बघा

संताकडे बघण्याआधी रेषेकडे बघा. लाकडाच्या ठशात, म्हणजे वुडकटमध्ये, रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकलेलं असतं. त्यामुळे रेषा जाड आणि जरा राकट दिसते. एनग्रेव्हिंगमध्ये ब्युरिन नावाची टोकदार पोलादी कोरणी तांब्यात ढकलतात. रेषा बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि निमुळती होत संपते. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने रेखाटतात आणि मग ॲसिड तांबं खातं. तिथे रेषा हाताने लिहिल्यासारखी मोकळी असते. तांब्याच्या छपाईत कागद दाबाखाली जातो, म्हणून चित्राभोवती पत्र्याची कड रुतल्याची चौकट राहते. जुन्या छापांत ती बऱ्याचदा कातरून टाकलेली असते.

हे कशाला पाहायचं? वुडकट स्वस्त आणि घरोघर जाणारं. त्यातल्या खुणा मोठ्या, ठळक, लांबून ओळखू याव्यात अशा. एनग्रेव्हिंग जवळून, सावकाश पाहण्याचं. त्यात खुणा लपवता येतात. ड्यूररने जेरोमच्या खोलीत ज्या वस्तू ठेवल्या आहेत त्या वुडकटवाल्याने निम्म्या गाळल्या असत्या.

पायरी दुसरी: उजवं-डावं तपासा

पत्र्यावर जे उजवीकडे कोरलं ते कागदावर डावीकडे छापून येतं. कोरणारा मुरलेला असेल तर आधीच उलटं कोरतो. पण दुसऱ्याच्या छापावरून नक्कल करणारा कामगार जसं दिसतं तसं कोरतो, आणि मग संत डाव्या हाताने आशीर्वाद देऊ लागतो, तलवार उजव्या कमरेला लटकते. ख्रिस्ती चित्रपरंपरेत आशीर्वाद उजव्या हाताचा. डावा हात दिसला की त्यात गूढ अर्थ शोधत बसू नका. बहुतेक वेळा ती नुसती उलटी नक्कल असते.

आपल्याकडे हा घोळ केवढा झाला असता बघा. विष्णूची चोवीस रूपं शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या हातात आहेत यावरूनच ठरतात. केशवाची मूर्ती आरशात उलटली की तो केशव राहत नाही, चोविसातला दुसराच कुणी होतो. ख्रिस्ती संतांचं तेवढ्यावर अडत नाही, पेत्राने चाव्या कोणत्याही हातात धराव्यात.

खुद्द ड्यूररही एकदा घसरला आहे. बोकडावर उलटी बसलेली चेटकीण हे त्याचं छोटं चित्र आहे. त्यातल्या त्याच्या सहीतलं ‘डी’ हे अक्षर उलटं छापलं गेलं आहे. चूक की मुद्दाम, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. उलट्या जगाच्या चेटकिणीला उलटी सही शोभते, एवढं माझं मत.

पायरी तिसरी: अक्षरं वाचा

खालच्या कडेला लॅटिन अक्षरांच्या ओळी असतील तर त्या आधी वाचा. नावाआधी एकटं ‘एस’ आलं तर ते ‘सांक्तुस’ किंवा ‘सांक्ता’, म्हणजे संत. मग कारागिरांची नावं येतात आणि प्रत्येकापुढे एक तुटका शब्द. ‘इन्व्हेनिट’ म्हणजे कल्पना याची. ‘पिन्क्सिट’ म्हणजे मूळ चित्र याने रंगवलं. ‘स्कल्प्सिट’ म्हणजे पत्रा याने कोरला. ‘एक्सकुडिट’ म्हणजे छापून प्रसिद्ध करणारा हा. एका संतामागे तीन-चार माणसं असू शकतात आणि एखादी विचित्र खूण नेमकी कुणाच्या डोक्यातून आली हे या ओळीवरून कळतं. ‘कुम प्रिव्हिलेजिओ’ असं काही दिसलं तर ती नक्कल करू नये म्हणून मिळवलेली परवानगी. तरी नकला होतच.

ड्यूरर एवढं लिहीत नाही. मोठ्या ‘ए’च्या पायांमध्ये छोटा ‘डी’, हीच त्याची सही. जेरोमच्या चित्रात ती १५१४ या सालासकट खाली उजवीकडे, जमिनीवर पडल्यासारख्या एका छोट्या पाटीवर आहे.

पायरी चौथी: डोक्यामागचं तेज

साधी गोल तबकडी म्हणजे संत. वर्तुळात क्रूस असेल तर तो येशू, दुसरा कुणी नाही. त्रिकोण असेल तर पिता परमेश्वर. चौकोनी प्रभा जुन्या इटालियन भित्तिचित्रांत दिसते. ती चित्र काढलं तेव्हा हयात असलेल्या माणसासाठी. छापचित्रांत ती सहसा भेटत नाही.

पोप आठव्या अर्बनने १६२५ साली असा हुकूम काढला की चर्चने मान्यता दिल्याशिवाय कुणाही मृत धर्मात्म्याला तेजोवलयासह दाखवायचं नाही. लोक स्वतःच संत ठरवून चित्रं छापत होते, त्याला लगाम घालायचा होता. त्यामुळे सतराव्या शतकातल्या छापात डोक्याभोवती काय आहे आणि काय नाही, यामागे कधीकधी रोमचं कार्यालय उभं असतं.

जेरोमच्या डोक्याकडे बघा. तबकडी नाही. टकलाभोवतालची कागदाची कोरी जागा आणि बाहेर फेकलेल्या बारीक रेषा, बस्स. ड्यूररने तेज कोरलेलं नाही, ते न कोरता सोडलं आहे. काळ्या शाईच्या माध्यमात पवित्र म्हणजे जिथे कोरणी लागली नाही ती जागा. हे एकदा दिसलं की इतर छापांतही डोळे कोरा कागद शोधू लागतात.

पायरी पाचवी: कपडे

अँथनीच्या दोरीने मला शिकवलं ते हेच, की कपडे वस्तूंपेक्षा कमी फसवतात. उंच टोपी आणि वळलेल्या मुठीची काठी म्हणजे बिशप. तीन थरांचा मुकुट म्हणजे पोप. रुंद बाह्यांचा, गुडघ्याखालीपर्यंतचा झगा घातलेला तरुण म्हणजे डीकन, धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा चर्चचा सेवक, आणि तसा डीकन दगड घेऊन असेल तर स्तेफन, शेगडी घेऊन असेल तर लॉरेन्स. पांढऱ्या झग्यावर काळा अंगरखा म्हणजे डॉमिनिकन. छापचित्रात तो कोरा कागद आणि गच्च रेषा यांच्या विरोधातून दाखवतात. टोपीवर किंवा खांद्यावर शिंपला असलेला वाटसरू म्हणजे थोरला याकोब, स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेचा धनी.

जेरोमच्या मागे भिंतीवर एक रुंद काठाची, गोंडे लटकणारी टोपी टांगलेली आहे. ती कार्डिनलची. गंमत अशी की जेरोम कधीच कार्डिनल नव्हता. तो ३८२ ते ३८५ या काळात रोममध्ये होता, तिथे पोप दमाससच्या मरणापर्यंत त्याचा चिटणीस होता, आणि नंतर बेथलेहेमला जाऊन बायबलच्या लॅटिन भाषांतराचं काम करत ४२० मध्ये तिथेच वारला. कार्डिनलांना तांबडी टोपी पोप चौथ्या इनोसंटने १२४५ साली दिली. म्हणजे टोपी संताच्या मृत्यूनंतर आठशे वर्षांनी शिवलेली. चूक माहीत असूनही चित्रकारांनी ती सोडली नाही, कारण टोपीशिवाय लोक जेरोमला ओळखणार नाहीत. खूण इतिहासासाठी नसते, ओळखीसाठी असते.

पायरी सहावी: हातातली वस्तू

हुतात्म्याची खूण बहुधा त्याचा जीव घेणारं हत्यार असते. आपले देव शत्रूला मारायचं शस्त्र हातात घेतात. हे ज्या शस्त्राने स्वतः मेले ते मिरवतात. पौल तलवार धरतो. आंद्रिया तिरप्या क्रुसाला टेकून उभा असतो. बर्थलमय सुरी, आणि कधी कधी सोललेली स्वतःचीच कातडी खांद्यावर टाकतो. कॅथरीनजवळ खिळ्यांचं मोडकं चाक असतं, अपोलोनियाकडे सांडशीत धरलेला दात, लुसीकडे ताटलीत दोन डोळे. बार्बराचा बुरूज दिसला तर खिडक्या मोजा. तीन असतात, पवित्र त्रैक्याच्या. या सगळ्यांच्या हातात वर एक खजुराची झावळी असू शकते. ती ‘हुतात्मा’ एवढंच सांगते, नाव सांगत नाही.

थोमाची वस्तू मात्र मला फार आवडते. त्याच्याकडे कधी भाला असतो, कधी गवंड्याचा गुण्या. काटकोन तपासायचा तोच गुण्या. आख्यायिका अशी की हिंदुस्थानातल्या गोंडोफर्नीस राजाने त्याला महाल बांधायला पैसे दिले. थोमाने ते गरिबांत वाटून टाकले आणि राजाला सांगितलं, तुझा महाल स्वर्गात बांधला. म्हणून वास्तुकारांचा तो संरक्षक. बांधकामाचे पैसे खर्चून महाल दिसत नाही, ही गोष्ट आजच्या पुण्या-मुंबईत कुणी सांगितली तर वेगळीच वाटेल.

नंतरच्या संतांना मात्र हत्यार नसतं, कारण त्यांना कुणी मारलेलं नसतं. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये एकाच दिवशी पाच जणांना संतपद मिळालं. त्यात इग्नेशियस लोयोला, अविलाची तेरेसा आणि फ्रान्सिस झेवियर होते. यांची खूण कुठून आणायची? ती आतून आली. तेरेसाच्या छातीकडे देवदूत बाण रोखतो. इग्नेशियसच्या समोर येशूच्या नावाची आद्याक्षरं आय-एच-एस किरणांत झळकतात. झेवियर दोन्ही हातांनी अंगरखा छातीवर फाकवतो आणि आतून ज्वाळा निघतात. ‘पुरे, प्रभू, पुरे’ हे त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य कधी शेजारी कोरलेलं असतं. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात ज्याचं शव आहे तो हाच. कुठे एखादा खेकडा क्रूस घेऊन येताना दिसला तरी झेवियरच समजा. आजच्या इंडोनेशियातल्या मोलुकास बेटांजवळच्या समुद्रात हरवलेला त्याचा क्रूस खेकड्याने किनाऱ्यावर आणून दिला, अशी कथा आहे.

पायरी सातवी: जनावर

पंख असलेला सिंह, पंख असलेला बैल, गरुड आणि पंखांचा माणूस हे चौघे एकत्र असले तर ते शुभवर्तमानकार: मार्क, लूक, योहान, मत्तय. मूळ बायबलमधल्या यहेज्केल आणि प्रकटीकरण या पुस्तकांत. डुक्कर आणि घंटा म्हणजे वाळवंटातला अँथनी, पादुआच्या अँथनीहून वेगळा. मांडीवरचं गळू दाखवणारा आणि पाव तोंडात धरलेला कुत्रा जवळ असलेला म्हणजे प्लेगचा संत रॉक. शिंगांमध्ये क्रूस असलेलं हरीण युस्टेसजवळही असतं आणि ह्युबर्टजवळही. कथा तीच, शिकाऱ्याला हरणात ख्रिस्त दिसतो. सुमारे १५०१ मध्ये ड्यूररने कोरलेलं असं चित्र त्याच्या सगळ्या एनग्रेव्हिंगांत आकाराने मोठं आहे. तिथला संत युस्टेस, हे आपल्याला ड्यूररच्याच दैनंदिनीतल्या नोंदीवरून कळतं.

पंख नसलेला, पायाशी निजलेला सिंह म्हणजे जेरोम. पंजातला काटा काढल्यावर तो मठात राहिला, अशी गोष्ट. पण ही गोष्ट मुळात जॉर्डन नदीकाठच्या जेरासिमस नावाच्या साधूची. जेरासिमस आणि जेरोनिमस, नावं इतकी जवळची की सिंह घर चुकला. ड्यूररच्या चित्रात तो पुढ्यात, उंबऱ्यावर पसरला आहे, डोळे अर्धवट मिटलेले, शेजारी गुरफटून झोपलेला कुत्रा. दोघं मिळून आपल्याला दारातच अडवतात, पण जाग आणत नाहीत.

पायरी आठवी: खोली

इथे वेळ काढा. माणूस ओळखला म्हणून चित्र संपत नाही, उलट आता खोली बोलू लागते.

जेरोम खोलीच्या मागच्या टोकाला, छोट्या उतरत्या मेजावर वाकून लिहितो आहे. तुमची नजर त्याच्या डोक्यापासून मेजाच्या कोपऱ्यावरच्या छोट्या क्रुसाकडे न्या, आणि ती रेघ तशीच पुढे ओढा. ती खिडकीच्या कट्ट्यावरच्या कवटीवर जाऊन पोचते. म्हातारा मान वर करील तर त्याला मरण दिसेल, पण मधे क्रूस आहे. कुठेही वाक्य नाही, रेघ नाही, फक्त तीन वस्तूंची मांडणी. मागच्या भिंतीवर वाळूचं घड्याळ आहे. ड्यूररने १५१३-१४ या काळात केलेल्या तीन गाजलेल्या चित्रांत, ‘शूरवीर, मृत्यू आणि सैतान’, ‘मेलेंकोलिया’ आणि हे, तिन्हींत वाळूचं घड्याळ आहे. पहिल्यात ते मृत्यू हातात धरून शूरवीराला दाखवतो. दुसऱ्यात ते हात टेकून बसलेल्या पंखवालीच्या डोक्यावर लटकतं. इथे त्याच्याकडे कुणी बघत नाही. वस्तू तीच, पण एका ठिकाणी धमकी, एका ठिकाणी ओझं, आणि इथे भिंतीवरचं सामान.

आता छताकडे बघा. एवढ्या नीटनेटक्या खोलीत एक मोठा भोपळा कशाला टांगलेला? यावर अभ्यासकांचा एक कयास मला पटतो. बायबलमधल्या योनाच्या पुस्तकात देव संदेष्ट्याच्या डोक्यावर सावलीसाठी एक वेल उगवतो. जुन्या लॅटिन भाषांतरात तो भोपळ्याचा होता. जेरोमने हिब्रू शब्द पाहून त्याला आयव्ही नावाची दुसरी वेल केलं. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याने ४०३ च्या सुमारास त्याला पत्र लिहून कळवलं की ओएया गावात, म्हणजे आजच्या लिबियातल्या त्रिपोलीत, नवं भाषांतर वाचताच चर्चमध्ये गोंधळ उडाला. लहानपणापासून ऐकलेला शब्द बदललेला लोकांना सहन झाला नाही. बिशपला माघार घ्यावी लागली. जेरोम हटला नाही. हज्जारदा म्हटलेल्या आरतीतला एक शब्द कुणी ‘दुरुस्त’ केला तर आपल्याकडे काय होतं ते आठवा, म्हणजे ओएयातला तो रविवार समजेल. तर भाषांतर करत बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ड्यूररने तोच वादाचा भोपळा टांगला. एका शब्दासाठी झालेली भांडणं आता वाळून छताला लागली आहेत.

बाकाखाली काढून ठेवलेले सपाते, उशा, भिंतीवरच्या पट्टीत खोचलेले कागद, खिडकीच्या गोलगोल काचांचा भिंतीवर पडलेला प्रकाश, यातल्या प्रत्येकाला अर्थ चिकटवायची गरज नाही. पण उन्हाचा तो पडलेला ठिपक्यांचा नमुना नुसत्या आडव्या-तिरप्या रेषांनी कोरलेला आहे, हे एकदा मोठं करून बघाच.

पायरी नववी: तोच संत, दुसरीकडे

नाव पक्कं झालं की त्याच संताचं आणखी एक छापचित्र शोधा. सुमारे १४९६ मध्ये ड्यूररने जेरोम आधीही कोरला होता, पण तिथे तो खडकाळ रानात अर्धनग्न आहे, हातात दगड घेऊन छाती बडवतो आहे. सिंह आहे, टोपी-टेबल नाही. एक पश्चात्तापी, दुसरा पंडित. जेरोमच्या चित्रांत हे दोन अवतार सारखे भेटतात. कवटी दोन्हीकडे चालते, दगड फक्त पहिल्याकडे.

आता ही तपासणी हिंदुस्थानात करून बघू. गोव्याहून निघालेलं जेझुइट, म्हणजे लोयोलाच्या पंथाच्या धर्मगुरूंचं, पथक १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचलं आणि त्यांच्याबरोबर युरोपातली छापचित्रं आली. दरबारी चित्रकार केसू दास याने त्या सुमारास केलेलं संत जेरोमचं चित्र पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. इटालियन कोरक मारिओ कार्तारोच्या १५६४ च्या एनग्रेव्हिंगवरून त्याने ते केलं. आणि कार्तारोने ती निजलेली देहाकृती घेतली होती मिकेलँजेलोच्या नोहावरून, सिस्टाइन चॅपेलच्या छतावरच्या, दारू पिऊन पडलेल्या नोहावरून! एकच अंगविक्षेप, आधी झिंगलेला नोहा, मग दमलेला संत, मग मुघल चित्रातला वृद्ध. म्हणून अंगाच्या ठेवणीवर कधी नाव ठरवू नये. लहानगा मुघल चित्रकार अबुल हसन याने १६०० मध्ये ड्यूररच्या १५११ च्या क्रूसचित्रातून योहान तेवढा उचलून काढला. तो आता ऑक्सफर्डच्या ॲशमोलियनमध्ये आहे. क्रूस नाही, मारिया नाही, गरुड नाही. उरला तो बिनदाढीचा, हात एकमेकांत गुंतवून वर बघणारा एक दुःखी तरुण. मूळ छाप शेजारी ठेवल्याशिवाय त्याचं नाव सांगता येणं कठीण.

पायरी दहावी: रेषाच खूण असेल तर

१६४९ मध्ये फ्रेंच कोरक क्लोद मेलाँने संत वेरोनिकाच्या रुमालावर उमटलेला येशूचा चेहरा कोरला. जवळ जा. नाकाच्या टोकापासून एक रेषा सुरू होते आणि गोल गोल फिरत कडेपर्यंत जाते. डोळे, काटे, रक्ताचे थेंब, सगळं त्याच एका रेषेची जाडी कमी-जास्त करून. खाली लॅटिन ओळ आहे, तिचा आशय असा की हा एकमेव एकीनेच घडला, दुसरा नाही. एकुलता एक पुत्र, एकच रेषा. वेरोनिकाच्या रुमालावरचा चेहरा माणसाच्या हाताने काढलेला नव्हता, तो आपोआप उमटला, अशी श्रद्धा. ब्रशचे हजार फटकारे त्या श्रद्धेला मारक, एक न तुटणारी रेघ तिच्या जवळची. इथे प्रतीक शोधायला हातातली वस्तू बघून उपयोग नाही. कोरण्याची रीतच प्रतीक आहे.

पायरी अकरावी: हे चित्र कशासाठी छापलं?

मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात १४२३ हे साल कोरलेलं एक रंगवलेलं वुडकट आहे. क्रिस्तोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडतो आहे. खाली लिहिलंय की ज्या दिवशी तू क्रिस्तोफरचं मुख पाहशील त्या दिवशी तुला अपमृत्यू येणार नाही. म्हणजे हे बघायचं चित्र नव्हे, सकाळी दर्शन घ्यायचं चित्र. म्हणून चेहरा मोठा, आकृती कागदभर. जेरोमचं चित्र याच्या उलट. ड्यूररने ते १५२०-२१ च्या नेदरलंड्सच्या प्रवासात ‘मेलेंकोलिया’सोबत लोकांना भेट दिलं, विकलं. जाणकारांसाठीचं, कोडी घालणारं. उद्देश कळला की खुणा किती खोल खणायच्या हेही कळतं. क्रिस्तोफरच्या कागदात भोपळे शोधू नका.

शेवटी पडताळा

दोन साधनं पुरतात. आडाम बार्ट्श या व्हिएन्नातल्या अभ्यासकाने १८०३ ते १८२१ मध्ये छापचित्रांची एकवीस खंडांची सूची केली. संग्रहालयं अजून तिचे आकडे देतात. अभ्यासिकेतला जेरोम म्हणजे ड्यूररच्या यादीत बी. ६०, म्हणजे बार्ट्श ६०. हा आकडा शोधात टाकला की त्याच चित्राचे निरनिराळ्या संग्रहांतले छाप आणि नकला सापडतात. दुसरं, आयकॉनक्लास ही चित्रविषयांची संकेतप्रणाली. तिच्यात ‘११ एच’खाली पुरुष संत आणि ‘११ एचएच’खाली स्त्री संत येतात, प्रत्येकाच्या खुणांसकट. वहीतल्या तुमच्या ‘लिली, बाळ, दोरी’ या यादीशी तिथला तपशील जुळतो का बघा. जुळला नाही तर नाव खोडा, यादी खोडू नका.

काही वेळा सगळं जुळतं आणि तरी नाव हाती लागत नाही. १६२७ मध्ये नागासाकीच्या तेवीस फ्रान्सिस्कन हुतात्म्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीवरचे, घोषित केलं गेलं आणि त्याच सुमारास फ्रेंच कोरक जाक कालोने त्यांचं एक छोटंसं एचिंग केलं. टेकडीवर क्रूसच क्रूस, प्रत्येकावर एक देह. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकलेल्या त्या लोकांत वसईचा गोन्सालो गार्सिया होता. पुढे १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. वसईच्या चर्चमध्ये मूर्तीखाली त्याचं नाव लिहिलेलं असतं. कालोच्या कागदावर भिंग धरून बसा, पंथ कळेल, मरणाची तऱ्हा कळेल, हुतात्मे आहेत हे कळेल. त्यातला आपला कोणता, ते मात्र एकाही क्रुसावर कोरलेलं नाही.